व्हीएमवर एचपीसी जॉब चालवायचाय? मग हे सेटिंग आधी करा

मागच्या महिन्यात ओळखीतल्या एका पीएचडी करणाऱ्या मुलीचा फोन आला, हवामानावर काम करते, डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल चालवते. म्हणाली, दादा, आमच्या डिपार्टमेंटचा सर्व्हर आता सगळा व्हीएमवर टाकलाय, आणि माझा जो रन रात्री लावला की सकाळी उठेपर्यंत झालेला असायचा तो आता दुपारी जेवायची वेळ झाली तरी चालूच असतो, मशीन तेच, कोड तोच, इनपुट तेच, व्हर्च्युअल मशीन असतातच का हो स्लो?

नाही. व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, हे खऱ्या सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेलं मशीन, आणि नीट लावलेल्या व्हीएमवर असा जॉब मूळ मशीनच्या अगदी जवळ जातो, थोड्या टक्क्यांचा फरक राहतो आणि तेवढा चालवून घेता येतो. पण नीट न लावलेल्या व्हीएमवर तोच जॉब निम्म्या स्पीडने चालतो, आणि वाईट म्हणजे कुठेही एरर येत नाही, सगळं हिरवं दिसतं, फक्त मुलांच्या रात्री वाया जातात. म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय, तिला जे जे सांगितलं ते, आणि मला जे कळायला खूप वेळ लागला ते पण.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. व्हीएम हा प्रकार मुळात वाटून वापरण्यासाठी आहे. एका सर्व्हरवर वीस व्हीएम, त्यातल्या पंधरा कायम पेंगत असतात, म्हणून सगळ्यांचं भागतं. एचपीसीचं, म्हणजे असं मोठं गणित अनेक कोअरवर एकदम चालवण्याचं, बरोबर उलटं असतं, तिथे सगळे कोअर, म्हणजे सीपीयूतले गणित करणारे भाग, रात्रभर शंभर टक्के पळतात आणि कोणीच पेंगत नाही, त्यामुळे वाटून घ्यायला काही शिल्लकच नसतं. दुसरी गोष्ट म्हणजे एचपीसीचा प्रोग्राम आणि त्याच्या लायब्रऱ्या मशीनची ठेवण बघून काम वाटतात, किती सॉकेट म्हणजे सीपीयूच्या चिप, कुठला कोअर कुठल्या मेमरीजवळ, सीपीयूला कुठल्या सूचना कळतात, आणि डिफॉल्ट व्हीएम नेमकं हेच सगळं खोटं सांगते. तेव्हा करायचं दोनच: या व्हीएमचं काहीही दुसऱ्याला वाटून द्यायचं नाही, आणि गेस्टला, म्हणजे व्हीएमच्या आतल्या सिस्टीमला, मशीन जसं आहे तसं दाखवायचं. खालचं प्रत्येक सेटिंग या दोनातल्या एकासाठीच आहे.

मी लिनक्सवरचं व्हीएम चालवणारं केव्हीएम आणि त्या सांभाळणारं लिबव्हर्ट धरून सांगतोय, कारण कॉलेजांत आणि छोट्या लॅबमध्ये तेच असतं, प्रॉक्समॉक्स हे व्हीएम सांभाळायचं तयार सॉफ्टवेअर असलं तरी आत केव्हीएमच असतं. केव्हीएम २००७ पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे, त्यामुळे वेगळं काही विकत घ्यायचं नाही. उदाहरणाला तिचंच मशीन घेऊ, दोन सॉकेट, प्रत्येकात १६ कोअरचा कॅस्केड लेक पिढीचा झिऑन, म्हणजे ३२ खरे कोअर आणि एका कोअरचे दोन दाखवणाऱ्या हायपरथ्रेडिंगमुळे दिसायला ६४, आणि १९२ जीबी रॅम, १२ स्टिक, प्रत्येक सॉकेटच्या सहा चॅनलवर एकेक.

पहिलं काम मोजण्याचं. होस्टवर, म्हणजे व्हीएमच्या बाहेर, एकदा तरी आकडा घ्या, नाहीतर तुम्हाला कळणारच नाही की तुम्ही किती गमावताय. अॅडमिनकडून रविवारची दोन तासांची वेळ मागून घ्या. तीन गोष्टी चालवायच्या. एक जॉन मॅकाल्पिन यांचा स्ट्रीम बेंचमार्क, तो मेमरी बँडविड्थ सांगतो. दुसरा लिनपॅक, तो नुसतं गणित किती वेगात होतं ते सांगतो. आणि तिसरा तुमचा स्वतःचा छोटा केस, पंधरावीस मिनिटांत संपेल असा. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, बाकीचे दोन तो का हळू चालतोय हे शोधायला. स्ट्रीमचा आकडा बरोबर आला की नाही हे कागदावर काढता येतं: या मशीनवर मेमरी २९३३ च्या स्पीडने चालते, एका चॅनलला ८ बाइट, म्हणजे चॅनलमागे साधारण २३.४ जीबी दर सेकंदाला, सहा चॅनलचे १४० आणि दोन सॉकेटचे मिळून २८०. प्रत्यक्षात त्याच्या सत्तर-ऐंशी टक्के मिळाले तर मशीन ठणठणीत आहे. हे आकडे वहीत लिहून ठेवा, मग हेच तिन्ही व्हीएमच्या आत चालवा आणि शेजारी लिहा. यापुढे एका वेळी एकच सेटिंग बदलायचं आणि परत मोजायचं. चार सेटिंग एकदम बदलली की कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही, आणि त्यातलं एखादं उलटं पडलेलं असलं तर तेही झाकलं जातं.

आता सीपीयू मॉडेल. तिच्या व्हीएममध्ये शिरून सीपीयूची माहिती देणारी एलएससीपीयू कमांड मारली तर फ्लॅगच्या रांगेत एव्हीएक्सचं, म्हणजे एकदम अनेक संख्यांचं गणित करणाऱ्या सूचनांचं, नावच नव्हतं. व्हीएम बनवताना कोणीतरी डिफॉल्टच ठेवलेलं. प्रॉक्समॉक्सच्या जुन्या आवृत्त्यांत हे डिफॉल्ट केव्हीएम६४ असायचं, नव्यात एक्स८६-६४-व्ही२-एईएस आहे, आणि दोन्हींत एव्हीएक्स नाही. हे मुद्दाम असं ठेवतात, म्हणजे व्हीएम एका सर्व्हरवरून दुसऱ्या जुन्या सर्व्हरवर चालू असतानाच हलवता यावी. वेबसाइटसाठी ते ठीक. पण आपल्याकडे काय होतं, की झिऑनमध्ये एका सूचनेत ८ डबल, म्हणजे ६४ बिटच्या, संख्यांचं गणित करायची ताकद आहे आणि गेस्टला वाटतं आपल्याकडे २ संख्यांचीच आहे. ओपनब्लाससारखी गणिताची लायब्ररी चालू होताना सीपीयू बघते आणि त्याप्रमाणे कोड निवडते, ती बिचारी पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या सीपीयूसाठीचा कोड निवडते. यावर उपाय एका ओळीचा आहे, लिबव्हर्टच्या व्हर्श एडिट कमांडने व्हीएमची एक्सएमएल फाइल उघडायची आणि सीपीयूच्या टॅगमध्ये मोड होस्ट-पासथ्रू करायचा, प्रॉक्समॉक्समध्ये सीपीयू टाइप होस्ट. व्हीएम पूर्ण बंद करून चालू करायची, आतून नुसतं रीबूट करून होत नाही. आणि मग तुमचा कोड परत कंपाइल करायचा, हे लोक विसरतात, कारण जुन्या खोट्या सीपीयूवर मार्च-नेटिव्ह, म्हणजे याच सीपीयूसाठी बनव, असं सांगून कंपाइल केलेला डब्ल्यूआरएफ तसाच जुना राहतो. लिनपॅकमध्ये या एका बदलाने जो फरक दिसतो तो बघून माणूस खुर्चीतून उठतो. डब्ल्यूआरएफमध्ये तितका दिसत नाही, कारण तो गणितापेक्षा मेमरीवर जास्त अडतो. आणि मेमरीचाच मुद्दा सगळ्यात मोठा आहे, म्हणून आता जरा सावकाश.

दोन सॉकेटच्या मशीनमध्ये मेमरी एक नसते, दोन असतात. निम्मी रॅम पहिल्या सॉकेटला चिकटलेली, निम्मी दुसऱ्याला. याला न्यूमा म्हणतात, आणि एक सॉकेट आणि त्याची रॅम मिळून एक नोड. आपल्या सॉकेटच्या रॅममधून डेटा आणायला लागतो त्यापेक्षा पलीकडच्या सॉकेटच्या रॅममधून आणायला जास्त वेळ लागतो, शिवाय मधला रस्ता अरुंद. आता समजा व्हीएमची सगळी रॅम पहिल्या नोडवर गेली. तर दुसऱ्या सॉकेटवरचे सगळे कोअर प्रत्येक घासाला शेजारच्या घरी जाणार, आणि मशीनच्या १२ चॅनलपैकी सहाच चॅनल सगळ्यांना पुरवठा करणार, उरलेले सहा रिकामे बसणार. म्हणजे बँडविड्थ सरळ निम्मी. तिच्या मशीनवर नेमकं हेच झालेलं. होस्टवर न्यूमास्टॅट, म्हणजे कुठल्या नोडवर किती रॅम गेली ते दाखवणारी कमांड, मारून क्यूएमूच्या, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, प्रोसेसची रांग बघितली, तर नोड शून्यच्या खान्यात जवळजवळ सगळी रॅम आणि नोड एकच्या खान्यात नावापुरती. त्या दोन खान्यांकडे बघूनच अर्धं निदान झालं. गेस्टच्या आत हे काही दिसत नाही हं, आत सगळं एकसंध वाटतं, म्हणून होस्टवर बघायची परवानगी नसेल तर अॅडमिनला शेजारी बसवून बघा.

दुरुस्तीची सुरुवात होस्टची ठेवण वाचण्यापासून. न्यूमासीटीएलला हार्डवेअर दाखवायला सांगा आणि एलएससीपीयूची ई ऑप्शनवाली यादी काढा, तिच्यात प्रत्येक सीपीयू नंबर कुठल्या कोअरचा, कुठल्या सॉकेटचा, कुठल्या नोडचा ते एका रांगेत येतं. ही यादी न बघता पुढे जाऊच नका. मी एकदा गेलो होतो. बहुतेक इंटेल मशीनवर ० ते १५ पहिल्या सॉकेटवर आणि १६ ते ३१ दुसऱ्यावर असतात, आणि ३२ पासून पुढे त्याच कोअरचे हायपरथ्रेड भाऊ, म्हणजे ० आणि ३२ हा एकच खरा कोअर. मी तेच गृहीत धरून ० ते १५ ला पिनिंग केलं, म्हणजे व्हीएम त्या कोअरना बांधली, आणि दोन दिवस डोकं धरून बसलो की स्ट्रीमचा आकडा का वर येत नाही, कारण त्या सर्व्हरच्या बायोसने सम नंबर पहिल्या सॉकेटला आणि विषम दुसऱ्याला दिलेले. मी एक सॉकेट समजून दोन्ही सॉकेटवर अर्धे अर्धे कोअर वाटले होते. यादी बघितली असती तर दोन मिनिटांचं काम होतं.

आता पिनिंग. डिफॉल्टमध्ये व्हीसीपीयू, म्हणजे व्हीएमला दिसणारा सीपीयू, हा होस्टच्या दृष्टीने एक साधा थ्रेड असतो, होस्टचा शेड्युलर त्याला आत्ता या कोअरवर, मग त्या कोअरवर असा फिरवतो. प्रत्येक वेळी कॅश, म्हणजे कोअरजवळची छोटी वेगवान मेमरी, थंड पडते. तर प्रत्येक व्हीसीपीयूला एक खरा कोअर कायमचा बांधून द्यायचा, एक्सएमएलमध्ये सीपीयूट्यूनच्या आत व्हीसीपीयूपिनच्या ओळी लिहायच्या. पण ३२ च्या ३२ कोअर व्हीएमला देऊ नका, ही फार मोहाची चूक आहे. होस्टला पण जगायला जागा लागते, नेटवर्क, डिस्क, क्यूएमूची स्वतःची कामं. मी प्रत्येक सॉकेटचा एक कोअर होस्टला ठेवतो आणि व्हीएमला १५ अधिक १५, म्हणजे ३० देतो, आणि एम्युलेटरपिनने क्यूएमूची वरकामं त्या राखून ठेवलेल्या दोन कोअरवरच बांधतो. डब्ल्यूआरएफला ३० हा आकडा छान बसतो, नकाशाचे ५ गुणिले ६ असे जवळजवळ चौकोनी तुकडे पडतात. ३१ दिले असते तर तो मूळ संख्या असल्यामुळे लांब लांब पट्ट्या पडल्या असत्या आणि एक कोअर जास्त असून रन रडला असता. हायपरथ्रेडच्या भावंडांना हातच लावायचा नाही, ती रिकामी ठेवायची, मेमरीवर अडणाऱ्या कोडला त्यांचा उपयोग नसतो आणि दुसरी व्हीएम तिथे बसवली तर तुमच्याच कोअरमधलं अर्धं खाते.

पिनिंग केलं म्हणजे झालं असं समजू नका, कारण कोअर बांधले तरी रॅम मोकळीच असते. न्यूमाट्यूनमध्ये मेमरी मोड स्ट्रिक्ट करा, आणि गेस्टला दोन न्यूमा सेल बनवून द्या, सेल शून्यमध्ये व्हीसीपीयू ० ते १४ आणि ८० जीबी, सेल एकमध्ये १५ ते २९ आणि ८० जीबी, आणि मेमनोडच्या ओळीने सेल शून्य होस्टच्या नोड शून्यला आणि सेल एक नोड एकला जोडा. टोपोलॉजीत २ सॉकेट, १५ कोअर, १ थ्रेड लिहा. हे टोपोलॉजीचं लिहायलाच लागतं, कारण क्यूएमूच्या ६.२ च्या आधीच्या आवृत्त्या काही सांगितलं नाही तर प्रत्येक व्हीसीपीयू हा एक वेगळा सॉकेट म्हणून दाखवायच्या, म्हणजे गेस्टला वाटायचं आपल्याकडे ३० सॉकेट आहेत, मग एमपीआय, म्हणजे कोअरवर वाटलेल्या प्रोग्रामच्या तुकड्यांना एकमेकांशी बोलू देणाऱ्या, लायब्ररीने काम कुठल्या अकलेने वाटायचं? हे सगळं करून परत व्हीएमच्या आत न्यूमासीटीएल मारा, दोन नोड दिसले पाहिजेत, आणि बाहेर न्यूमास्टॅटमध्ये दोन्ही खान्यांत सारखे आकडे दिसले पाहिजेत. मग स्ट्रीम. तिच्याकडे इथेच स्ट्रीमचा आकडा होस्टच्या आकड्याजवळ येऊन बसला, फोनवरच ओरडली ती.

पुढचं ह्यूज पेजेसचं, म्हणजे रॅमचे तुकडे मोठे करण्याचं. साध्या मशीनवर प्रोग्रामने पत्ता विचारला आणि तो टीएलबीत, म्हणजे सीपीयूजवळच्या पत्त्यांच्या छोट्या यादीत, सापडला नाही, तर सीपीयूला पेज टेबलच्या चार पायऱ्या उतराव्या लागतात, म्हणजे चार वेळा मेमरी वाचायची. व्हीएममध्ये गेस्टची चार पायऱ्यांची टेबलं आणि त्यातली प्रत्येक पायरी परत होस्टच्या चार पायऱ्यांमधून शोधायची, असं करत करत वाईटात वाईट २४ वेळा मेमरी वाचायला लागते. एका पत्त्यासाठी. ज्याचा डेटा सगळीकडे विखुरलेला असतो त्या कोडला हे फार बोचतं. १६० जीबीची व्हीएम ४ केबीच्या पेजेसमध्ये कापली तर ४ कोटी १९ लाखांच्या वर तुकडे होतात, २ एमबीच्या पेजेसमध्ये ८१,९२० आणि १ जीबीच्या पेजेसमध्ये फक्त १६०. तुकडे कमी तसे टीएलबीत जास्त बसतात आणि पायऱ्याही कमी होतात. म्हणून होस्टच्या कर्नल कमांड लाइनवर १ जीबीची १६० पेजेस बूटच्या वेळीच राखून ठेवा, नंतर मागायला गेलात तर रॅम विखुरलेली असते आणि सलग १ जीबी मिळत नाही. एक्सएमएलमध्ये मेमरीबॅकिंगच्या आत ह्यूजपेजेस लिहा. गेस्टच्या आत पण ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस चालू ठेवा, दोन्हीकडे असलं तरच पूर्ण फायदा. आणि बलूनिंग, केएसएम, स्वॅप हे रॅम वाचवायचे सगळे उद्योग या व्हीएमसाठी बंद. १६० म्हणजे १६०, रात्री कोणाला लागली म्हणून काढून घ्यायची नाही.

आता शेजारी. हा भाग तांत्रिक कमी आणि माणसांचा जास्त आहे. एमपीआयच्या प्रोग्राममध्ये सगळे रँक, म्हणजे एकेका कोअरवर चालणारे तुकडे, एक पाऊल टाकतात, मग एकमेकांची वाट बघतात, मग पुढचं पाऊल. वारीत दिंडी चालते तसं, एकाच्या पायात काटा गेला की सगळी दिंडी थांबते. ३० पैकी एका कोअरवर दुसऱ्या कोणी थोडा वेळ खाल्ला तर २९ कोअर तेवढा वेळ नुसते उभे. अमेरिकेत लॉस अलामॉसला एएससीआय क्यू नावाचं ८,१९२ प्रोसेसरचं मशीन होतं, तिथे फॅब्रिझिओ पेट्रिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिलं की प्रत्येक नोडवरच्या (इथे नोड म्हणजे एक सर्व्हर) चार प्रोसेसरपैकी तीनच वापरले तर जॉब जास्त वेगात होतो, कारण चौथा सिस्टीमची फुटकळ कामं उचलतो. ती फुटकळ कामं आवरल्यावर त्यांचा एक मोठा कोड दुप्पट वेगाने चालला. तिथे व्हीएम नव्हत्या, तरी असं. व्हीएममध्ये तर शेजारची अख्खी व्हीएमच येऊन बसू शकते.

ओळखायचं कसं? गेस्टच्या आत टॉप लावा आणि वरच्या सीपीयूच्या ओळीत शेवटी एसटी लिहिलेलं असतं ते बघा, हा स्टील टाइम, म्हणजे मला पळायचं होतं पण होस्टने दुसऱ्याला पळवलं तो वेळ. एचपीसीच्या व्हीएममध्ये हा शून्य पाहिजे, थोडा नव्हे, शून्य. आणि डब्ल्यूआरएफवाल्यांसाठी तर फार सोपी जागा आहे, आरएसएल आउटची शून्य नंबरची फाइल. तिच्यात प्रत्येक टाइम स्टेपला टायमिंग फॉर मेन अशी ओळ पडते आणि शेवटी किती सेकंद लागले ते असतं. या ओळी नुसत्या डोळ्याखालून घाला. मध्येच ठरावीक अंतराने एक ओळ जास्त वेळेची येते ती रेडिएशनची स्टेप, तिला घाबरू नका, नेमलिस्टमधल्या, म्हणजे डब्ल्यूआरएफच्या सेटिंगच्या फाइलमधल्या, आरएडीटीच्या हिशोबाने ती येणारच. पण त्याखेरीज वेळ उसळत असेल तर कोणीतरी खातंय. तिच्या फाइलमध्ये रात्री दोननंतरच्या ओळी अचानक फुगलेल्या, आणि पहाटे परत सरळ. दुसऱ्या एका व्हीएमचा बॅकअप त्याच वेळी चालायचा आणि त्याचं कॉम्प्रेशन मिळेल त्या कोअरवर पसरायचं. बाकीच्या सगळ्या व्हीएमना राखून ठेवलेल्या कोअरपुरतं बांधलं, होस्टच्या कर्नलच्या आयसोलसीपीयूज सेटिंगमध्ये व्हीएमचे ३० कोअर टाकले म्हणजे होस्टची इतर कामं तिथे येतच नाहीत, सीपीयूचा वेग ठरवणारा गव्हर्नर परफॉर्मन्सला लावला, आणि फुगवटा गेला. एक सांगतो, अॅडमिनशी भांडायला जाऊ नका. त्याच्या डोक्यावर वीस जणांची कामं असतात. वहीतले आकडे आणि रात्री दोनच्या त्या ओळी समोर ठेवल्या की तो स्वतःहून मदत करतो, माझा तरी अनुभव हाच आहे.

गेस्टच्या आत दोन-तीन गोष्टी. एमपीआयला पण बाइंडिंग सांगायचं, ओपन एमपीआयमध्ये बाइंड-टू कोअर द्या आणि रिपोर्ट-बाइंडिंग्ज लावून एकदा डोळ्यांनी बघा कुठला रँक कुठे बसलाय. स्टॅक लिमिट अनलिमिटेड करा, नाहीतर डब्ल्यूआरएफ पहिल्याच स्टेपला सेगमेंटेशन फॉल्ट देतो आणि लोक व्हीएमला दोष देत बसतात. आणि एकाच सर्व्हरवर चार छोट्या व्हीएम करून त्यांचा क्लस्टर बनवायचं खूळ डोक्यातून काढा. शिकायला ठीक आहे, कामाला नाही. एका व्हीएमच्या आत रँक एकमेकांशी शेअर्ड मेमरीतून बोलतात, चार केल्या की तेच बोलणं व्हर्च्युअल नेटवर्क कार्डातून घालायला लागतं. एका सर्व्हरवर जॉबसाठी एकच मोठी व्हीएम.

खरोखर दोन-चार सर्व्हर असतील आणि मधे इन्फिनिबँड, म्हणजे सर्व्हर जोडणारं वेगवान नेटवर्क, असेल तर मात्र नेटवर्कचं बघावं लागतं. व्हर्टिओचं साधं व्हर्च्युअल कार्ड आणि नेहमीचं टीसीपी वापरलं तर एका छोट्या मेसेजला दहा-वीस-तीस मायक्रोसेकंद जातात, तोच इन्फिनिबँडवर थेट एक-दोन मायक्रोसेकंदांत पोचतो. यासाठी एसआर-आयओव्ही वापरायचं, यात एकच कार्ड स्वतःला अनेक छोट्या कार्डांसारखं दाखवतं आणि त्यातलं एक सरळ व्हीएमच्या हातात देता येतं, मधे होस्ट नाही. बायोसमध्ये व्हीटी-डी आणि एसआर-आयओव्ही दोन्ही चालू, कर्नलला आयओएमएमयू ऑन आणि पासथ्रू मोडमध्ये, कार्डाच्या फर्मवेअरमध्ये व्हर्च्युअल फंक्शन चालू, आणि गेस्टमध्ये मेमलॉकचं, म्हणजे किती रॅम एका जागी खिळवता येते त्याचं, लिमिट अनलिमिटेड, हे शेवटचं राहिलं की एमपीआय मुकाट्याने टीसीपीवर घसरू शकतं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. म्हणून ओहायो स्टेटवाल्यांच्या ओएसयू मायक्रो-बेंचमार्कमधली लेटन्सीची टेस्ट दोन व्हीएममध्ये आधी चालवा. आकडा एक अंकी आला तरच पुढे. एवढं लक्षात असू द्या की होस्ट-पासथ्रू आणि एसआर-आयओव्ही घेतलं की चालू व्हीएम इकडून तिकडे हलवायची सोय जवळजवळ गेलीच, पण रात्रभराच्या जॉबला ती कशाला हवी?

डिस्कचं फार काही नाही. व्हर्टिओ ड्रायव्हर, रॉ इमेज किंवा एलव्हीएम, कॅश नन. स्क्रॅच, म्हणजे रनच्या तात्पुरत्या फाइलींची जागा, वेगळ्या एनव्हीएमई डिस्कवर असेल तर तो आख्खा व्हीएमला पासथ्रू करून द्या.

क्लाउडवर जाणार असाल तर वरचं बरंचसं त्यांनी करून ठेवलेलं असतं, पण योग्य साइझ निवडली तरच. अॅझ्युअरची एचबीव्ही३ साइझ बघा, सर्व्हरमध्ये ६४ कोअरचे दोन एएमडी एपिक म्हणजे १२८ कोअर, पण व्हीएमला १२०, बाकीचे ८ हायपरवायझरसाठी, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, राखलेले, शिवाय २०० गिगाबिटचं इन्फिनिबँड एसआर-आयओव्हीने आत. आपण ३२ पैकी दोन राखले ते काही वेगळं नव्हतं. एडब्ल्यूएसवर एचपीसी६ए आहे, ९६ कोअर, हायपरथ्रेडिंग नाही, आणि त्यांचं ईएफए नेटवर्क, तिथे क्लस्टर प्लेसमेंट ग्रुप करायला विसरू नका म्हणजे मशीनं एकमेकांजवळ मिळतात. साध्या इंटेलच्या साइझ घेतल्या तर ३२ व्हीसीपीयू म्हणजे १६ खरे कोअर असतात, भाव बघताना हा भागाकार करा. अॅझ्युअरचं सेंट्रल इंडिया रीजन पुण्यात आहे आणि एडब्ल्यूएसचं एक मुंबईत, पण जवळ आहे म्हणून डोळे झाकून निवडू नका, तुम्हाला हवी ती एचपीसी साइझ तिथे मिळते का हे आधी बघा, आणि आउटपुट परत खाली उतरवायचे पैसे वेगळे पडतात तेही धरा. स्पॉटवर, म्हणजे कंपनीची रिकामी पडलेली मशीनं तात्पुरती घेतली तर, स्वस्त मिळतं, मात्र एडब्ल्यूएस दोन मिनिटांची आणि अॅझ्युअर जेमतेम तीस सेकंदांची सूचना देऊन मशीन काढून घेतं, तर नेमलिस्टमध्ये रीस्टार्ट इंटरव्हल तास-दोन तासांचा ठेवा आणि रीस्टार्ट फाइल व्हीएमच्या बाहेर जाईल असं बघा. विद्यार्थी असाल तर पैसे खर्च करायच्या आधी गाइडना विचारा, नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशनची मशीनं संस्थांमध्ये बसलेली आहेत, पुण्यात आयसरला परम ब्रह्म आहे, तिथे वेळ मिळत असेल तर या सगळ्याची गरजच नाही. आणि व्हीएम फक्त लायब्रऱ्यांची आवृत्ती वेगळी पाहिजे एवढ्यासाठी घेत असाल, तर अॅपटेनरचा कंटेनर घ्या, तो होस्टच्याच कर्नलवर चालतो आणि वरचं निम्मं दुखणं टळतं. व्हीएम तेव्हाच, जेव्हा सर्व्हर दुसऱ्यांबरोबर वाटायचाच आहे किंवा ओएसच वेगळी पाहिजे.

एक्सएमएलची एक प्रत बाजूला काढून ठेवा, कोणी स्क्रीनवरून काही बदललं की पिनिंगच्या ओळी कधी कधी उडतात. होस्ट रीबूट झाला की ह्यूज पेजेस राखली गेलीत ना हे मेमइन्फोमध्ये बघून मगच व्हीएम चालू करा, नाहीतर ती चालूच होत नाही आणि सोमवारी सकाळी धावपळ होते.

तिचा परवा परत मेसेज आला, आरएसएल फाइलचा तुकडा चिकटवलेला, ओळीमागून ओळ सारखी, रेडिएशनची स्टेप सोडली तर सेकंदाचा दुसरा आकडा तेवढा हलतोय. रन सकाळी सहाला संपला. फक्त दर मॉडेल-तासाला एक मोठी उडी राहिलीय, ती हिस्टरी, म्हणजे आउटपुटची, फाइल लिहिताना सगळे रँक थांबतात म्हणून. त्यासाठी ३० पैकी दोन रँक नुसते लिहायला बसवायचे, नेमलिस्टच्या क्विल्टच्या भागात, आणि उरलेल्या २८ चे ४ गुणिले ७ तुकडे पडतात. ते आज रात्री लावून बघणार आहे ती.